‘बाई, तुम्ही पण हे वाचता?’

*वाचकाचं पत्र*

ताई, नमस्कार. मी 61 वर्षांची. नाशिकला हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवून निवृत्त झाले. रात्री जेवणं आवरली, की मी प्रेमकथा वाचते. गोड शेवटाच्या, वाचून झोप छान लागेल अशा. मराठी असो की इंग्रजी, मला दोन्ही चालतं. आमच्या बायकांचा वाचनकट्टा आहे. दर महिन्याला एकीनं पुस्तक सुचवायचं, सगळ्यांनी ते वाचून यायचं आणि मग गप्पा. पुढच्या महिन्यात माझी पाळी आहे. आजवर आत्मचरित्रं झाली, फाळणीवरची पुस्तकं झाली, युरोपातल्या गंभीर कादंबऱ्या झाल्या. मागे मी सहज माझ्या आवडीबद्दल बोलून गेले, तर कट्ट्यावरची माझीच एक जुनी विद्यार्थिनी म्हणाली, ‘बाई, तुम्ही पण हे वाचता?’ तेव्हापासून मी गप्पच आहे. घरी मिस्टर म्हणतात, शेवट आधीच ठाऊक असलेलं काय वाचायचं?

आणखी एक. माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान दीड वर्षापूर्वी गेले. ती सांगलीला एकटी असते. परवा फोनवर म्हणाली, ‘ताई, तुझ्यातलं एखादं पुस्तक दे गं, बरं वाटेल असं.’ तिला प्रेमकथा द्यावी का? जखमेवर मीठ तर चोळलं जाणार नाही ना? आणि कट्ट्यावर काय सुचवू? नाव छापू नका.

*उत्तर*

नमस्कार बाई,

बहिणीचं आधी बोलू. कट्ट्याला महिना आहे, तिला एवढं थांबवायला नको.

ती काय म्हणाली ते पुन्हा वाचा. ‘तुझ्यातलं’ म्हणाली. तुम्ही काय वाचता हे तिला चांगलं ठाऊक आहे आणि तेच तिनं मागितलं आहे. घरातलं माणूस गेलं, की येणारे-जाणारे पुस्तकं आणून देतात: मृत्यूनंतर काय होतं सांगणारी, मन कसं आवरावं सांगणारी, पारायणाच्या पोथ्या. ज्याला त्यातून आधार मिळतो त्याला जरूर मिळो. पण तुमच्या बहिणीच्या टेबलावर तसा ढीग एव्हाना झाला असणार आणि कोणीही तिला हसू येईल असं काही दिलेलं नसणार. दीड वर्षानंतर तिनं स्वतःहून बरं वाटणारं पुस्तक मागितलं, ही तुम्ही आनंदानं धरून ठेवावी अशी गोष्ट आहे. तेव्हा हो, प्रेमकथा द्या.

मात्र निवडताना तिला सरळ दोन प्रश्न विचारा. गोष्टीत कुणाचा नवरा किंवा बायको गेलेली असेल तर चालेल का? आणि आजारपण, डॉक्टर, हॉस्पिटल नको ना? आडवळणानं जाऊ नका, धाकटी बहीण आहे ती. या प्रश्नांनी दुखावण्यापेक्षा, कुणीतरी विचारून देतंय याचं तिला बरंच वाटेल. एक उदाहरण देते. एल. एम. मॉन्टगोमरी यांची ‘द ब्लू कॅसल’ ही 1926 सालची कादंबरी मी कितीजणींना दिली असेल. 29 वर्षांची, घरच्यांच्या धाकात सुकून चाललेली व्हॅलन्सी एक दिवस ठरवते, की आता कुणाला भ्यायचं नाही. मग ती जे काही करत सुटते ते वाचताना आपणच पाठ ताठ करून बसतो. शेवट अगदी हवा तसा. पण तिच्या या बंडाला निमित्त होतं ते हृदयविकाराच्या तज्ज्ञाच्या एका पत्राचं, आणि तो आजार अर्ध्याहून जास्त पुस्तकभर सोबत चालतो. ज्या घरात नुकतंच इस्पितळ होऊन गेलं, तिथं हे पुस्तक आत्ता नको. दोन वर्षांनी द्या.

तिच्यासाठी माझ्या मनात आहे ती जॉर्जेट हेयर यांची ‘फ्रेडरिका’, 1965 सालची. गोष्ट मात्र दोनशे वर्षांपूर्वीच्या लंडनमधली. आईवडिलांमागं धाकट्या भावंडांना सांभाळणारी थोरली बहीण, आणि सगळ्याचा कंटाळा आलेला एक श्रीमंत उमराव. एक भाऊ वाफेच्या यंत्रांनी वेडा झालेला, दुसरा अभ्यासू, शिवाय एक अवखळ कुत्रा. त्या उमरावाला आधी या पोरांचा लळा लागतो आणि पोरांच्या बहिणीवर आपलं प्रेम जडलंय हे त्याला हळूहळू कळतं. यात कुणी कुणाच्या प्रेमात पडण्याचा आटापिटा करत नाही, संवाद खळखळते आहेत आणि भावंडांची माया भरपूर आहे. थोरल्या बहिणीनं धाकटीला द्यायला याहून योग्य काय?

इंग्रजी वाचण्याइतकं तिचं लक्ष आत्ता ठरत नसेल तर त्यानं घाबरू नका. दुःखात लक्ष विस्कटतं, तीच ओळ परत परत वाचली जाते. अशा वेळी सगळ्यात चांगलं काम करतं ते आधी वाचलेलं, तरुणपणी आवडलेलं पुस्तक. तुम्ही दोघींनी मुलींच्या वयात काय वाचलं होतं ते आठवा. सुमती क्षेत्रमाडे, शैलजा राजे, कुसुम अभ्यंकर, योगिनी जोगळेकर यांच्यापैकी कुणीतरी त्यात असणारच. नाशिकला तुमचं सावाना, म्हणजे सार्वजनिक वाचनालय आहे, 1840 पासून चालू आहे. तिथल्या कपाटांत शोधा, जुन्या पुस्तकांच्या दुकानांत शोधा. नाहीच जमलं तर रात्री फोनवर तुम्हीच चार पानं वाचून दाखवा. आणि पुस्तक दिल्यावर ‘कुठवर आलं?’ असं विचारू नका. तिला सांगायचं असेल तेव्हा ती सांगेल.

आता तुमच्या गप्प बसण्याबद्दल. हे मला जास्त लागलं.

मिस्टरांचा प्रश्न आधी घेऊ, कारण तो प्रामाणिक आहे आणि त्याचं उत्तर आपल्या मराठी माणसाला जन्मतःच माहीत असतं. अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘संगीत सौभद्र’ 1882 साली रंगमंचावर आलं. सुभद्रा अर्जुनालाच मिळणार हे पहिल्या प्रयोगाच्या पहिल्या प्रेक्षकालाही महाभारतामुळं ठाऊक होतं. तरी दीडशे वर्षांकडे वाटचाल करत ते नाटक उभं आहे. बलरामदादा दुर्योधनाचं स्थळ घेऊन बसलेत, अर्जुन संन्याशाचं सोंग घेऊन आलाय आणि कृष्ण सगळ्यांना खेळवतोय. आपण तिथं बसतो ते ‘काय होणार’ यासाठी नव्हे, ‘कसं होणार’ यासाठी. शेवटाची खात्री असते म्हणूनच मधल्या प्रत्येक फजितीची मजा येते आणि प्रत्येक रुसव्यापाशी थांबता येतं. मिस्टरांना नाट्यगीतांची आवड असेल तर त्यांना एवढंच विचारा, की सौभद्र ते किती वेळा ऐकतात.

त्याच्याही मागं जा. एकनाथांचं ‘रुक्मिणीस्वयंवर’ लग्नाच्या मुलीकडून वाचून घ्यायची आपल्याकडं रीत होती. चांगला नवरा मिळतो म्हणत. काय आहे त्यात? एक मुलगी, जिचं लग्न भावानं भलत्याशी ठरवलंय. ती स्वतः पत्र लिहून आवडत्या पुरुषाला बोलावून घेते आणि तो येतो. गोड शेवटाची प्रेमकथा आपल्या आज्या-पणज्यांनी देवघरात बसून वाचली आहे, तीही मोठ्यांच्या सांगण्यावरून. मराठी कादंबरी जन्मली तेव्हाही तिच्या पहिल्या काही पावलांत ‘मुक्तामाला’ होती, 1861 सालची, आणि ‘मंजुघोषा’, 1868 सालची: संकटांतून जाऊन शेवटी प्रियजनांची गाठ घालून देणाऱ्या अद्भुतरम्य कथा.

मग लाज आली कुठून? मला वाटतं, विरहाला आपण वाङ्मय म्हणायला शिकलो आणि मीलनाला करमणूक. शाळा-कॉलेजांत ज्या प्रेमकथा आदरानं वाचल्या जातात, त्या आठवून पाहा. गो. नी. दांडेकरांची ‘शितू’ घ्या, मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ घ्या. दोन्ही माझ्या अत्यंत आवडीच्या, दोन्हींनी मला रडवलंय. दोन्हींत प्रेम हाती लागत नाही. त्यात काही खोट आहे असं नव्हे. पण माणसं आयुष्यात एकमेकांना गमावतात तशी एकमेकांना मिळतातही, आणि मिळालेलं टिकवतातही. ते लिहायला कमी कसब लागतं असं मानायचं कारण नाही. ना. सी. फडके हे जाणून होते. ‘कलेसाठी कला’ म्हणत त्यांनी तरुण-तरुणींच्या प्रेमाच्या कादंबऱ्या लिहिल्या, कथानकाच्या तंत्राबद्दल ‘प्रतिभासाधन’ लिहिलं आणि 1940 साली रत्नागिरीच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपदही भूषवलं. तरी त्यांना ‘गुलाबी’ म्हणून नाक मुरडणारे होतेच.

मोठ्या संमेलनांत न बसणाऱ्या लेखकांचे तर हालच. चंद्रकांत काकोडकरांचं नाव तुमच्या पिढीला सांगायला नको. ‘रंभा’ मासिकाच्या 1962 च्या दिवाळी अंकातल्या त्यांच्या ‘श्यामा’ या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला, शिक्षाही झाली. 1969 साली सुप्रीम कोर्टानं त्यांना निर्दोष ठरवलं. त्याच वर्षी त्यांच्या ‘नीलांबरी’ कादंबरीवरून निघालेला ‘दो रास्ते’ थिएटरांत लागला आणि घरंच्या घरं तो बघायला गेली. ज्या लेखकाचं पुस्तक मुली गादीखाली लपवत होत्या, त्याचीच गोष्ट पडद्यावर आईवडिलांच्या शेजारी बसून पाहिली गेली. इंग्लंडातही वेगळं नव्हतं. मिल्स अँड बून ही कंपनी 1908 साली लंडनमध्ये निघाली ती सर्वसाधारण प्रकाशन म्हणून. प्रेमकथांवर तिनं भर दिला तो 1930 च्या दशकात, आणि ही पुस्तकं बायकांपर्यंत पोचली ती पैसे भरून पुस्तक घरी न्यायच्या छोट्या वाचनालयांतून. आपल्या गल्लोगल्लीच्या लायब्ऱ्या तशाच होत्या.

जॅनिस रॅडवे नावाच्या अमेरिकन अभ्यासक बाईंनी अशा वाचक स्त्रियांशी बोलून 1984 साली ‘रीडिंग द रोमान्स’ हे पुस्तक लिहिलं. त्या स्त्रियांनी त्यांना जे सांगितलं त्यात गोष्टीइतकंच महत्त्व वाचण्याच्या कृतीला होतं. दिवसभर नवऱ्याचं, मुलांचं बघणाऱ्या बाईनं हातात पुस्तक धरलं, म्हणजे तेवढा वेळ ती कुणाची नाही. शिवाय गोष्टीत कुणीतरी नायिकेची काळजी घेत असतं, जी तिची स्वतःची घेतली जात नसते. तुम्ही पत्रात ‘जेवणं आवरली, की’ असं लिहिलंत. ते वाचून मला हेच आठवलं. तो तास तुमचा आहे, तो कुणाला समजावून सांगायची गरज नाही.

सगळ्याच प्रेमकथा ऊब देणाऱ्या असतात असं मात्र मी म्हणणार नाही, आणि कट्ट्यावर तुम्हीही म्हणू नका. नायक नायिकेचा अपमान करतो, तिचं मनगट पिळतो, तिच्या ‘नाही’ला ‘हो’ समजतो आणि लेखक त्याला मर्दपणा म्हणतो, अशी पुस्तकं जुन्यांत ढिगानं आहेत आणि नव्यांतही रोज निघतात. त्यांचा शेवट लग्नात होत असला तरी मला तो गोड लागत नाही. माझी कसोटी साधी आहे. या दोघांच्या एकत्र येण्यानं दोघांचंही जग मोठं होतंय का? नायिकेचं काम, मैत्रिणी, भावंडं शेवटच्या पानावर शिल्लक आहेत का? आणि एखाद्या प्रकरणात कुणी कुणाशी, काही फायदा नसताना, चांगलं वागलंय का? हे तिन्ही असेल तर पुस्तक बंद केल्यावरही बरं वाटत राहतं.

आता कट्टा. तुमच्या जागी दुसरी कुणी इंग्रजीची बाई असती तर तिनं जेन ऑस्टेनची ‘पर्सुएशन’ सुचवली असती. अप्रतिम आहे ती. 27 वर्षांची ॲन इलियट. आठ वर्षांपूर्वी मोठ्यांचं ऐकून तिनं एका होतकरू नौदल अधिकाऱ्याला नकार दिलेला, आणि आता तो कप्तान होऊन परत आलेला. शेवटाकडं एका खोलीत ती तिसऱ्याच कुणाशी बोलत असते, बाई जास्त काळ प्रेम करते की पुरुष यावर. आणि तो त्याच खोलीत टेबलाशी बसून, तिचा शब्द न् शब्द ऐकत, तिला पत्र लिहीत असतो. मी ते प्रकरण वाचताना आजही मधे उठून चहा टाकू शकत नाही. पण तुम्ही ऑस्टेन सुचवलीत तर सगळ्या माना डोलावतील, ‘अभिजात’ म्हणतील आणि तुमची आवड पुन्हा तिच्या पदराआड राहील. म्हणून ती दुसऱ्या फेरीसाठी ठेवा.

या खेपेला हेलन सायमन्सन यांची ‘मेजर पेटिग्रूज लास्ट स्टँड’ सुचवा. 2010 सालची, उघडपणे प्रेमकथा. इंग्लंडच्या ससेक्समधल्या खेड्यात राहणारे 68 वर्षांचे निवृत्त मेजर, बायको जाऊन काही वर्षं झालेली. गावातलं किराणा दुकान चालवणाऱ्या जास्मिना अली, मूळ कुटुंब पाकिस्तानी, त्याही विधवा, साठीकडं झुकलेल्या. मेजरांच्या भावाच्या निधनाचा फोन येतो त्या सकाळी त्या पेपरचे पैसे घ्यायला दारात आलेल्या असतात. मेजरांना भोवळ येते, जास्मिनाबाई आत येऊन चहा करतात. तिथून पुस्तकांवर बोलणं सुरू होतं. किपलिंगवर वाद घालत दोन माणसं जवळ येतात. (बहिणीला हे आत्ता देऊ नका, पहिलंच पान निधनाचं आहे, आणि आपल्याला आडून काही सुचवलं जातंय असं तिला वाटेल. तिनं स्वतः मागितलं तर गोष्ट वेगळी.)

तुमच्या कट्ट्याला यात बोलायला इतकं सापडेल, की वेळ पुरायचा नाही. मेजरांचा लंडनमधला पैशापाठी धावणारा मुलगा. वडिलांकडून दोन भावांत वाटल्या गेलेल्या बंदुकांची जोडी, जी एका भारतीय महाराजांनी दिलेली. गावच्या क्लबनं मोगल दरबाराच्या थाटात केलेला नाच आणि त्यात उघडे पडलेले सगळ्यांचे पूर्वग्रह. विधवा काकूनं दुकान पुतण्याच्या हवाली करून गप्प कुणाकडं राहावं अशी नातेवाइकांची अपेक्षा. हे शेवटचं आपल्याला इंग्लंडचं वाटतच नाही. धोंडो केशव कर्व्यांनी 1893 साली गोदूबाईंशी पुनर्विवाह केला, तो याच महाराष्ट्रात. तरीही आज साठीची बाई कुणाबरोबर फिरायला जाते म्हटलं, की तिचीच मुलं अवघडतात. कट्ट्यावरच्या किती जणींच्या मनात यावर बोलायचं साचलं असेल, ते पुस्तक पुढ्यात आलं की कळेल.

सुचवताना माझी एकच विनंती. ‘जरा हलकंफुलकं आहे हं’, ‘टाइमपास म्हणून वाचा’ असं काही आधी म्हणू नका. तुम्हीच पुस्तक खाली ठेवलंत तर दुसरं कोण उचलेल? तुम्हाला जे आवडलं ते एका प्रसंगातून सांगा. तो दारातल्या चहाचा प्रसंग मोठ्यानं वाचून दाखवलात तरी पुरे. वर्गात कविता वाचायचात तसं वाचा. आणि कुणालाही प्रेमकथा सुचवताना काही गोष्टी आधीच सांगून टाकाव्यात: शेवट चांगला आहे, वाटेत दुःख कितपत आहे, आणि शयनगृहाचं दार लेखकानं कितपत उघडं ठेवलंय. इंग्रजी वाचणाऱ्या मुली हे आता बिनदिक्कत विचारतात, आणि ते बरोबरच आहे. मेजरसाहेबांच्या बाबतीत काळजीचं कारण नाही, कोणत्याही वयाच्या सभासदाला देता येईल. ज्यांना इंग्रजी जड जातं त्यांच्यासाठी कथासार तुम्ही प्रकरणांनुसार मराठीत सांगून ठेवा. ते तुमच्या हातचं काम आहे.

त्या विद्यार्थिनीबद्दल. ‘बाई, तुम्ही पण?’ या प्रश्नात तुम्हाला टोचणी ऐकू आली. असेलही. पण ‘पण’ हा शब्द मला दुसरंच काही सांगतो. बहुधा तीही वाचते आणि तिनंही कुणाला सांगितलेलं नाही. कट्ट्याच्या आधी तिला एक फोन करा आणि सरळ विचारा, ‘तू काय वाचतेस गं सध्या?’ तिनं नाव सांगितलं तर ते लिहून घ्या, आणि पुस्तक चांगलं निघालं तर मलाही कळवा.

तुमची,
ताई